लेहानांचा ठोकळा

न्ताते लेहाना निवृत्त झाले आणि दवाखान्याची गाडी
माझ्या नावावर चढली.
एकवीस वर्षांची. चावीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधलेला,
आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलवर
तारेने आवळलेला रानऑलिव्हचा ठोकळा.

पहिल्याच दिवशी पक्कड आणून मी तो काढला.
त्यांचा उजवा पाय दोन बोटं आखूड,
सोन्याच्या खाणीत मोडून वाकडा जुळलेला.
माझे दोन्ही पाय सारखे, मला कुबडी कशाला?
ठोकळा दवाखान्याच्या शेगडीत गेला.
जूनची थंडी होती, छान जळला.
केबलही ढिली होती: पेडल अर्धा इंच नुसतं हवेत जायचं,
मग कुठे इंजिनाला जाग यायची.
मोखोत्लोंगच्या मेकॅनिककडून ती ताणून घेतली.

मग सेन्कूच्या वरचा चढ.
दगडावर चाक चढलं, मी सीटवरून उडाले,
खाली येताना पाय पडला पेडलवर,
गाडीने ढुशी दिली, ढुशीने पाय सुटला,
गाडी मेली, परत दाबला, परत ढुशी.
मी तिला हिसकतेय की ती मला, कळेना.
उतारावर आणखी वाईट:
ब्रेक उंचावर, ॲक्सिलरेटर खाली खोल,
दर वळणाला अख्खा पाय उचलून न्यायचा,
झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं तसा.
लसींची पेटी मांडीवर घट्ट धरून
पुसेलेत्सो नर्स म्हणाली,
"थाकाने, गाडी चालवतेयस की दूध घुसळतेयस?"
आणि खिडकीबाहेर दोनदा ओकली.
लसी मात्र वाचल्या.

रविवारी लेहानांकडे गेले.
मेंढ्यांच्या दगडी कुंपणाला टेकून, ब्लँकेट ओढून बसले होते.
गाडीकडे पाहिलंच नाही.
"आठवडाभर ऐकतोय," म्हणाले, "समोरच्या डोंगरावरून.
तुझ्या पायाला उचकी लागलीय."

मी ठोकळ्याचं काही बोलले नाही.
त्यांनीही विचारलं नाही,
नुसते माझ्या बुटांकडे पाहत राहिले.

मग काठीने मातीत तीन पेडल काढली.
"टाच ही खुंटी. एकदा ठोकली की ठोकली.
बुटाची कड गिअरच्या कुबडाला टेकव,
म्हणजे गाडी हलेल तेव्हा पाय तिच्याबरोबर हलेल.
बोटं बांधलेल्या घोड्यासारखी चरू देत,
इकडे ब्रेक, तिकडे हे.
त्यासाठी दोन्ही एका पातळीत हवेत.
ठोकळा पायासाठी नव्हता गं.
आखूड पायाला मी बुटात पुठ्ठा घालायचो."

"आणि केबल?"
"ताणलीस?" तेव्हा कुठे ते हसले.
"तो अर्धा इंच मीच ठेवला होता.
खड्डे तिथे पडायचे.
इंजिनापर्यंत पोचायचे नाहीत."

रानऑलिव्ह मिळालं नाही, पीचचं लाकूड तासलं.
एक बोट जाडी: ब्रेक अजून उंचच.
दोन बोटं: घोटा दुखतो, गुडघा स्टिअरिंगला लागतो.
दीड बोटावर पाय गप्प झाला.
चार संध्याकाळी गेल्या. तारेने अंगठा कापला.
केबल माझी मीच सैल केली,
अर्धा इंच नाही, त्याहून जरा कमी,
माझा पाय अजून म्हातारा नाही.

काल तोच चढ, लो-रेंजमध्ये,
बर्फ वितळून चिखल झालेला.
चाक प्रत्येक दगडाला आधी टेकलं, मग चढलं.
कणकेत बोट दाबावं आणि ती हळू वर यावी
तसं इंजिन पेडलखाली येत होतं.
पुसेलेत्सोचं डोकं पेटीवर कललं,
तोंड उघडं, चक्क घोरत होती.

वळणाच्या वर लेहाना एका मेंढीचे खूर कापत होते.
आम्ही त्यांच्या अंगणाला घासून गेलो.
त्यांनी मान वर केली नाही.